लाइन कोण धरून बसलंय?

गल्लीत तिला सगळे एक्सचेंजबाई म्हणत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने लोकांच्या लाइनी जोडून दिल्या होत्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी तो रुबाब काही अंगातून गेला नव्हता. घरातला मिक्सर बिघडो की शेजारणीचा मोबाइल अडो, बाई चष्मा चढवून पुढे. "सरक, मी बघते." आणि खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा ती करूनही दाखवायची. उरलेल्या दोन वेळांचा विषय ती काढत नसे आणि दुसऱ्या कोणाला काढू देत नसे.

तिची सून मोटरसायकलवर पार्सलं पोहोचवायची. ती कंपनी बंद पडली आणि पोरगी दोन महिने घरात बसली. बसली म्हणजे काय, भांडी लख्ख घासली, कपाटं तीनदा आवरली, पण बोलायची बंद झाली. मुलगा कामासाठी बाहेरगावी, घरात या दोघीच. त्यातली एक गप्प झाली की दुसरीला स्वतःचाच आवाज मोठा वाटायला लागतो. एक्सचेंजबाईला तो वाटायला लागला होता, आणि तिला ते मुळीच आवडलं नव्हतं.

मग रक्तपेढीची जाहिरात आली. दवाखान्यांना मोटरसायकलवरून रक्ताच्या पिशव्या पोहोचवायला माणूस हवा होता. चाळणी लागत लागत शेवटी दोनच उमेदवार उरले, एक ही आणि एक दांडगा गडी. चाचणीसाठी दोघांनाही आदल्या संध्याकाळी पेढीने एकेक मोटरसायकल आणि हेल्मेट घरी नेऊ दिलं. गाडीला छोटा पडदा आणि स्वतःची आवाजाची यंत्रणा, हेल्मेटच्या आत बिनतारी हेडसेट. फोन सीटखालच्या कप्प्यात बंद ठेवायचा. तो बोलणार गाडीशी, गाडी बोलणार हेडसेटशी. हे सगळं ज्याचं त्याने जोडायचं. रस्त्यात बिघडलं तर कोण येणार आहे जोडायला, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं. सकाळी नऊला पेढीतून फोन येईल, पाच रिंगांत हेल्मेटमधून उत्तर द्यायचं आणि सांगतील त्या पत्त्यावर निघायचं. उत्तर नाही आलं तर काम दुसऱ्याला.

"नऊच्या आत लागेल ना हो, आई?" रात्री जेवताना सुनेने विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने आपणहून काही विचारलं होतं.

"एकतीस वर्षं काय मी गवत उपटलं?" एक्सचेंजबाई म्हणाली. "निवांत झोप."

सकाळी साडेसातला दोघी अंगणात उतरल्या. सुनेने हेल्मेट चढवून हेडसेटचं बटण दाबलं. आतून एक गोड बाई म्हणाली, "कनेक्टेड."

"लागलं की!" सून हरखली.

गाडीच्या पडद्याचं मत वेगळं होतं. तिथे हेडसेटच्या चित्रावर लाल काट, आणि खाली 'सापडला नाही'. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा ती गोड बाई, पुन्हा लाल काट. सुनेने माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. एक्सचेंजबाईने शेवटच्या पानापासून वाचलं, कारण तिच्या मते कामाची गोष्ट नेहमी शेवटी लपवलेली असते. काही उपयोग झाला नाही.

"तू शोध चालू ठेव. मी कपडे वाळत घालून येते," असं म्हणत बाई मागच्या परसात गेली. दुसरी चादर दोरीवर टाकते न टाकते तोच पुढून आरोळी आली. "आई, लागलं! हिरवं आलं!"

बाई ओल्या हातांनीच धावत आली. ती गाडीपाशी पोहोचली आणि हिरव्याचं लाल झालं.

आठ वाजता ती चहा टाकायला आत गेली. "लागलं!" कप घेऊन बाहेर आली, गेलं. सव्वाआठला मागच्या दारावर कोणी आलं म्हणून तिकडे गेली. लागलं. परत आली. गेलं. एव्हाना सुनेचं हसू मावळलं होतं. ती घड्याळाकडे बघेना, आणि तेच वाईट लक्षण होतं. आपली धास्ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून एक्सचेंजबाई आणखी मोठ्याने सूचना देऊ लागली.

साडेआठला कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, पडद्यावर टिचकी मारली आणि मान हलवली. "काकू, गाडीचा बोर्ड गेलाय. कंपनीत न्यायला लागेल."

"अरे, बोर्ड गेला असता तर मधेमधे लागलं कसं असतं?"

"जाता जाता तडफडतो तो."

"तू तडफडू नकोस. बाजूला हो."

सून पायरीवर बसली. हेल्मेट मांडीवर, दोन्ही हात हेल्मेटवर. "राहू द्या, आई," ती हळूच म्हणाली. "फोन येईल, वाजेल, बंद होईल. त्या दुसऱ्याचं लागलं असेल."

हे 'राहू द्या' एक्सचेंजबाईला फार लागलं. आता ही पोरगी आत जाणार, कपाटं आवरणार, आणि घर पुन्हा तसंच. नको. तिने खुर्ची ओढली, चष्मा काढला, डोळे मिटले. एक्सचेंजमध्ये असा भूत लागल्यासारखा दोष आला की हेड ऑपरेटर एकच प्रश्न विचारायची. लाइन का लागत नाही, हे नाही विचारायची. लाइन कोण धरून बसलंय, हे विचारायची.

"तुझा फोन बंद कर," ती मेकॅनिकला म्हणाली.

"माझा काय संबंध?"

"बंद कर म्हटलं ना!"

त्याने केला. लाल काट तशीच. म्हणजे हा नाही. सुनेचा फोन सीटखाली, तो तर गाडीला जोडलेलाच होता. मग उरलं कोण? मी परसात गेले, लागलं. मी स्वयंपाकघरात गेले, लागलं. मी आले...

बाईचा हात गाऊनच्या खिशावर गेला. खिशात फोन होता. अन् एकदम तिला काल संध्याकाळ आठवली. सून अंघोळीला गेली होती, हेल्मेटचं खोकं टेबलावर होतं. तपासल्याशिवाय लाइन कोणाच्या हातात द्यायची नाही हा एकतीस वर्षांचा शिरस्ता. म्हणून तिने हेल्मेट खोक्यातून काढलं, त्यातला हेडसेट आपल्याच फोनला जोडला, दोन गाणी ऐकली, आवाज स्वच्छ आहे अशी खात्री करून घेतली आणि हेल्मेट होतं तसं ठेवून दिलं. ठेवलं, पण लाइन तोडली नाही. सकाळपासून ती गोड बाई 'कनेक्टेड' म्हणत होती ती हिच्या खिशाला उद्देशून. लाइन तपासून झाली की पिन काढायची, हे नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची कोण? हीच.

नऊला बारा मिनिटं होती. खिशातल्या खिशात बटण दाबून फोन बंद केला असता तर कोणाला कळलंही नसतं. उलट गाडीवर हात ठेवून चार मंत्र पुटपुटली असती, तर मेकॅनिकने गल्लीभर कौतुक केलं असतं. हा विचार बाईच्या मनात आला, आणि चांगला दोन श्वास थांबला. मग तिने पायरीवरच्या पोरीकडे पाहिलं. ती स्वतःलाच कमनशिबी समजत होती.

"अगं, तुझं नशीब ठीक आहे," बाई म्हणाली. "लाइन मीच धरून बसलेय." आणि तिने फोन काढून कालचा सगळा प्रकार सांगितला. कान लाल झाले होते, तरी एक शब्दही गाळला नाही.

मेकॅनिक हसायला तोंड उघडणार होता. सुनेच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते मिटलं.

"आई, तुम्ही..." सून उठली. ओठ घट्ट दाबले. "नंतर बोलू. आधी तोडा."

"तोडते. आणि आता बटणांना हात फक्त तुझा. मी लांबून सांगते."

तिने फोनवरून हेडसेटचं नाव पुसून टाकलं, फोन बंद केला, वर घरात जाऊन पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. बंद फोनला डब्याची गरज नव्हती, पण तिचा आता स्वतःवर विश्वास नव्हता. परत येऊन ती दोन्ही हात मागे बांधून गाडीपासून चार पावलांवर उभी राहिली.

"गाडीवरचं अर्धवट नाव काढ. काढलंस? हेडसेटचं बटण दाबून धर, लाल-निळा दिवा लुकलुकेपर्यंत. सोडू नकोस. आता गाडीला शोधायला सांग. नाव आलं?"

"आलं."

"हो म्हण तिला."

हिरवं झालं. हिरवंच राहिलं. बाई एक पाऊल पुढे आली, दुसरं आली, अगदी हँडलपाशी आली. हिरवंच!

नऊ वाजले आणि पडदा उजळला. दुसऱ्या रिंगला सुनेने उत्तर दिलं. "ऐकू येतंय. बोला." तो आवाज इतका सरळ आणि ठाम होता की एक्सचेंजबाईने पाठ ताठ केली. सुनेने पत्ता एकदा परत म्हणून दाखवला, अंगठा वर केला, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

मग खरी शिक्षा सुरू झाली. दहा वाजले, अकरा वाजले. बाईने उरलेल्या चादरी वाळत घातल्या, मग वाळल्या नसताना काढल्या. चारदा ती डब्याजवळ गेली. एक फोन केला तर काय होईल? नाव तर पुसलंय. पण नकोच. जोडून दिलं की ऑपरेटरने लाइनवरून उतरायचं असतं. एकतीस वर्षांत ती उतरायची राहिली असेल ती दोनदा, आणि ती दोन्ही संभाषणं फार रंगली होती. आज तिने झाकण उघडलं नाही.

साडेबाराला फाटकाशी हॉर्न वाजला, थांबेचना. सून गाडीवरून अर्धी उतरून, हेल्मेटची काच वर करून ओरडत होती.

"आई, मिळालं! त्या दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही, पाचही रिंगा गेल्या! आणि तुमचा फोन का बंद? साहेबांनी हो म्हटल्याबरोबर पहिला तुम्हाला लावला. मग प्रत्येक सिग्नलला लावत आले. अकरा वेळा!"

एक्सचेंजबाई फाटकाला धरून उभी होती.

"लाइन मोकळी ठेवली होती गं," ती म्हणाली.