श्रीपतला बुडवणारा फेस

“कोणाचा विश्वास बसणार नाय, पण श्रीपतवरचा सूड मी साबणाच्या एका वडीने उगवला!” सोनबाने ओटीवर मांडी ठोकली. समोर बुद्धरत्न मास्तर बसले होते.

गेल्या महिन्यात शेजारच्या श्रीपतने भर पंगतीत प्रयागबाईच्या आमटीतला डाळीचा दाणा चिमटीत धरून विचारलं होतं, “वहिनी, ही शिजवलीय की पेरायला काढलीय?” पंगत हसली. बायकोचं उतरलेलं तोंड सोनबाच्या काळजात रुतून बसलं. दोष बोअरच्या जड पाण्याचा होता; त्यात ना डाळ शिजायची, ना साबणाला फेस यायचा.

“म्हणून पाणी मऊ करायचं मशीन बसवलं, मास्तर. डाळ लोण्यासारखी, भांड्यांवर पांढरा थर नाय. पहिल्याच दिवशी सदरा धुतला, तर फेस कुंपण ओलांडून श्रीपतच्या घरात! गळ्याशी आला तवा तो ओरडला, ‘वहिनी, डाळ झकास होती गो!’ मी म्हटलं, आणखी मोठ्यानं. सात वेळा बोलायला लावलं, मगच फेस उतरवला.”

मास्तर हसू दाबत होते. सोनबाला मात्र श्रीपतचं बुडतं डोकं खरंच दिसत होतं.

आत चुलीपाशी प्रयागबाईने डाळीचा दाणा दाबून पाहिला; अजून टणकच होता.

“अवो, मशीन अजून खोक्यातच हाय,” ती ओरडली. “आधी ते बसवा, मग भावजींना बुडवा!”