मुका कळप

गारूफालिया चीजसाठी हंड्यातलं दूध ढवळत होती, तेवढ्यात कोणीतरी दारावर दोन्ही मुठी आपटायला लागलं. तिने हात थांबवला नाही. दूध विस्तवावर असताना देवदूत आला तरी त्याने बाहेर थांबावं, असा त्या घरचा कायदा. सून अँथूलाने दार उघडलं. बाहेर एक परकी पोरगी होती. तिच्या मागोमाग धुकंही आत शिरलं.

पोरगी अथेन्सच्या कॉलेजातली. नाव इस्मिनी. गुडघे फुटलेले, एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा. धापा टाकत तिने सांगितलं ते असं: डोंगरावरचं पडकं देऊळ पाहून सगळे उतरत होते आणि धुक्याने वाट खाल्ली. सर आणि बाकीची मुलं कड्यापाशी अडकलीत, फोन लागत नाहीत, एकाचा पाय मुरगळलाय. ती एकटीच ओढ्यात घसरली आणि घरंगळत इथवर आली.

"गावातल्या कॉफीवाल्या स्तेलिओसकाकांनी सांगितलं होतं," ती म्हणाली, "धुकं आलं तर बसून राहा, मेंढरांच्या घंटा ऐका आणि आवाजाच्या रोखाने उतरा. आम्ही ऐकत बसलो, आजी. घंटा वाजल्याच नाहीत."

अँथूलाने सासूकडे पाहिलं. सासूने हंड्याकडे.

"स्तेलिओसच्या जिभेला हाड नाही," गारूफालिया म्हणाली, "आणि डोक्यात आठवण नाही."

घरातलं माणूस गेलं की कळपाच्या घंटा उतरवायच्या, ही या डोंगराची रीत. लोक वर्षभर पाळतात. गारूफालियाचा मुलगा थीमिओस गेल्या हिवाळ्यात त्याच कड्यावरून पडून गेला, तेव्हा तिने घंटा पेटीत घातल्या, किल्ली कमरेला लावली आणि पाद्र्यासमोर, अख्ख्या गावासमोर बजावलं, की मी जिती आहे तोवर या वाजणार नाहीत. बायका कुजबुजल्या, म्हातारी अती करते. मग तर तिने मान आणखी ताठ केली. मुकी मेंढरं चुकली, लांडग्याने नेली. सुनेने हातापाया पडून पाहिलं. किल्ली कमरेची हलली नाही.

"एखादी घंटा हाताने वाजवा ना," इस्मिनी म्हणाली.

एकट्या घंटेचा आवाज कड्यांवर आपटून चारी बाजूंनी ऐकू येतो, अँथूलाने तिला समजावलं. तिच्यामागे गेलं तर माणूस सरळ दरीत. कळप मात्र आहे तिथूनच वाजतो. हे सांगताना तिचे डोळे सासूच्या कमरेवर होते.

"सर म्हणालेत, काळोख पडायच्या आत आवाज आला नाही तर आपले आपण उतरू."

खिडकीतला उजेड विटत चालला होता.

"उतरू देत. शिकलेली माणसं. पडतीलही शिकल्यासारखी."

थोड्या वेळाने घरात करपल्याचा वास सुटला. त्या घरात दूध कधी लागलं नव्हतं. अँथूलाने पाहिलं, तर पळी हंड्यात तशीच उभी आणि म्हातारीचा हात किल्लीवर.

मेंढरांच्या वाड्यात तिघींनी मिळून घंटा बांधल्या. मोठी घंटा म्होरक्या एडक्याची. तिच्या पट्ट्याला थीमिओसने वळलेली दोरी अजून तशीच होती. ती गाठ गारूफालियाने कोणाला मारू दिली नाही. एडक्याने मान झटकली, आपल्याच आवाजाने दचकला, आणि मग जुनं काही आठवल्यासारखा चालू लागला. कळप त्याच्यामागे. बायकांनी मेंढरं वाड्यातच गोल गोल हाकली. डोंगर भरून गेला.

बऱ्याच वेळाने हाका आल्या. त्या डावीकडून, दरीच्या अंगाने. इस्मिनीने तोंडावर हात दाबला. हाका थांबल्या. पुन्हा आल्या त्या उजवीकडून, जवळून.

एकेक पोर धुक्यातून निघत गेलं. शेवटी मास्तर, पाठीवर लंगडं पोर घेऊन. त्याने दोनदा डोकी मोजली आणि गारूफालियाचा हात कपाळाला लावला.

"सगळे आले, आजी."

अँथूलाने म्होरक्याला शिंगाला धरलं आणि पट्ट्याच्या गाठीला हात घातला.

"राहू दे," गारूफालिया म्हणाली. तिचं तोंड कड्याकडे होतं. तिकडे आता काहीच दिसत नव्हतं.

"आई, सगळे आलेत."

"ऐकलं. बहिरी नाही झाले अजून." तिने काळा रुमाल कानांमागे सारला. "थोडा वेळ वाजू दे."

अँथूलाने शिंग सोडलं आणि एडक्याला हाकारलं.