माझी पेनं, त्याची शाल

आग लागो त्या सत्काराला! शाल यशोधनच्या खांद्यावर, नारळ यशोधनच्या हातात, आणि पेनं सगळी मी केलेली.

कतारमध्ये, अल वक्र्याला, आमच्या घरामागे कपडे वाळत घालायची खोली आहे, तिथे माझी लेथ आहे, लाकूड कातायचं मशीन. माझी. यशोधन माझा नवरा, गॅस कंपनीत इंजिनियर. त्या खोलीत तो येतो फक्त मोजे शोधायला. पेन करायचं म्हणजे लाकडाचा तुकडा कापायचा, मधोमध भोक पाडायचं, आत पितळेची नळी चिकटवायची आणि मग लेथवर फिरवत छिन्नीने कातून गोल करायचा. नंतर पॉलिश पेपर, खरखरीतपासून मऊपर्यंत, एकही नंबर न गाळता. शेवटी चकाकीसाठी पातळ सुपरग्लूचे थर. त्याच्या वाफेने डोळे असे चुरचुरतात की कांदा परवडला! पहिली कितीतरी पेनं हातात फुटली, तेव्हा नाही कुणी आलं शाल घेऊन.

दसऱ्याला अल सद्दच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचं हस्तकलेचं प्रदर्शन होतं. फॉर्मवर 'कलाकार'पुढे मी स्वतःचं नाव लिहिलं होतं, भैरवी. गेले तर टेबलावर पाटी यशोधनच्या नावाची! मंडळाच्या अध्यक्षांना, गुरुप्रसाद सरांना, तिथेच गाठलं.

"अहो वहिनी, आम्हाला वाटलं फॉर्म तेवढा तुम्ही भरलाय. मशीनचं काम म्हटल्यावर..." ते हसले. "आता बॅनरही छापून झालाय. घरातल्या घरात कसलं माझं-तुझं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी यशोधनला बाजूला घेतलं. "स्टेजवर गेलास की माईकवर एकच वाक्य बोल. पेनं भैरवीने केलीत. बस."

"सांगतो गं. चिडू नकोस."

नाव पुकारलं. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. मग अध्यक्षांच्या बायकोने, नीतावहिनींनी, मला वर बोलावून माझी ओटी भरली. का, तर मी नवऱ्याचा छंद सांभाळून घेते म्हणून! ओटीला नाही म्हणवत नाही, म्हणून पदर पुढे केला. मनातून नुसती धुमसत होते.

आणि आमच्या साहेबांनी माईक घेतला. "भैरवीच्या सपोर्टशिवाय हे शक्यच नव्हतं."

सपोर्ट! अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेव! टाळ्या पडत होत्या. पहिल्या रांगेत आमची नऊ वर्षांची ईरा बसली होती. "बट बाबा, यू डोन्ट..." ती मोठ्याने म्हणाली, आणि शेजारच्या बाईने तिला गप्प केलं. ईरा माझ्याकडे बघत राहिली. आईचं काम बाबाचं म्हणून खपतं आणि आई चूप बसते, हे ती तिथे बसून शिकत होती. मला ते सहन होईना.

"यल्ला, चला, आता मुलांसाठी डेमो!" गुरुप्रसाद सर ओरडले. डेमोची लेथ सकाळी मीच आणून स्टेजच्या कडेला बसवली होती.

यशोधनने छिन्नी उचलली आणि माझ्याकडे केविलवाणं पाहिलं. मी हलले नाही. होऊ दे फजिती. त्याने लेथ चालू केली आणि खांद्यावरच्या शालीसकट वाकला! शालीच्या गोंड्यांत आणि फिरत्या लाकडात चार बोटांचं अंतर असेल नसेल. मी धावले आणि लाल बटण दाबलं.

"मूर्खा, शाल गुंडाळली गेली असती ना मानेभोवती! हो बाजूला."

मी पदर कमरेला घट्ट खोचला. बांगड्या उतरवल्या. मग दोन्ही हात मानेमागे नेऊन मंगळसूत्र काढलं.

"अगं बाई!" हॉलमधून आवाज आला. नीतावहिनी उठून उभ्याच राहिल्या. "वहिनी, सणाच्या दिवशी हे काय भलतंच?"

मी मंगळसूत्र यशोधनच्या तळहातावर ठेवलं आणि माईक त्याच्या तोंडापुढे धरला.

"सांग त्यांना, मी हे का काढलं."

तो घामाघूम झाला होता. सगळा हॉल त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"लेथपुढे गळ्यात काही लोंबतं चालत नाही," तो म्हणाला. "ती रोज काढते. काम करताना." मग खाली बघून पुटपुटला, "पेनं तीच करते. मला येत नाही."

"मागे ऐकू गेलं नाही," मी म्हणाले. "मोठ्याने सांग."