हळदीच्या परातीतली डाकीण

हळदीबाबांच्या परातीत भिकुबाईचा हात बुडाला, पिवळं पाणी लालभडक झालं आणि वडाखाली जमलेल्या दोनशे माणसांनी एकदम श्वास ओढला.

"रगत!" कोणीतरी ओरडलं.

"हळद देवीची, पाणी नर्मदामाईचं!" बाबांनी चिमटा वाजवला. "पापी हात रक्त ओकतो, पुण्यवान हात पिवळा राहतो! हीच डाकीण तुमची गुरं खाते!"

बाबा एकेकाच्या हाताला राख लावून तो परातीत बुडवायला लावत होते, आणि भिकुबाईआधीचे चार-पाच हात पिवळेच निघाले होते. पाणी गावातल्या लोटनच्या विहिरीचं होतं. मी स्वतः ते शेंदताना पाहिलं होतं. पण मी पडलो शाळामास्तर, माझं ऐकतो कोण?

ही १९५९ सालची गोष्ट. म्हसावदच्या पुढे आमचं गाव. आठ दिवसांत पाच बैल पोट फुगून मेले होते. नाकातून काळं रक्त वाहायचं आणि ते गोठायचंच नाही. पाचवा बैल सरपंच चुनीलालआप्पांचा. बाबा सांगत, मेलेल्या जनावराचं कातडं देवीला अर्पण करा. देवी ते नेमकी बाबांच्या बैलगाडीत स्वीकारायची. आप्पांनी चौथ्या बैलाचं कातडं स्वतः सोलून दिलं आणि त्यांच्या मनगटावर कोळशासारखी काळी पुळी उठली.

"पण जराबी दुखत नही!" आप्पा सगळ्यांना हात दाखवत. "बाबानी किरपा शे!"

भिकुबाई एकटी राहणारी विधवा. तिचा गुन्हा एवढाच, की बाबांना पाहून ती पहिल्याच दिवशी हसली होती. तिला संध्याकाळी गावाबाहेर काढायचं ठरलं. मी सायकल काढली आणि शहाद्याहून गुरांचे डॉक्टर शांतिलाल यांना घेऊन आलो.

डॉक्टर बुटके, घामाघूम. पिशवीत लस आणि 'साथ आल्यास करावयाची कारवाई' असा छापील कागद. त्यांनी पाचवा बैल लांबूनच पाहिला.

"काळपुळीचा रोग. कोणी कापू नका, सोलू नका. सहा फूट खड्डा, वर चुना, आणि गावातल्या झाडून सगळ्या गुरांना लस."

"आधी डाकीण काढा, मंग खड्डा!" आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुमची डाकीण कुठं पळून जाते? बैल मात्र उन्हात फुटेल."

हे आप्पांना पटलं. आप्पा आणि लोटन धरून दहा जणांनी दोर लावून बैल खड्ड्यात ओढला आणि ओंजळीनं चुना टाकला. काम झाल्यावर डॉक्टरांनी साबण दिला. लोटननं आधी हात धुतले; त्याच्या धोतरावरच्या हळदीच्या डागावर साबणाचा फेस पडला आणि डाग लाल झालेला डॉक्टरांनी पाहिला. ते थांबले. मग उरलेल्या नऊ जणांना म्हणाले, "साबण नंतर. हात तसेच ठेवा, वडाखाली चला."

तिथं ते बाबांपुढे हात जोडून उभे राहिले. "महाराज, डाकिणीला साथीदार असतील. सगळ्यांची परीक्षा घ्या."

एवढ्या लोकांसमोर बाबांना नाही म्हणता येईना. नवी परात आली. पहिला हात आप्पांचा.

लाल.

"हाई काय व्हयनं?" आप्पा हात उलटापालटा करून पाहू लागले.

दुसरा लाल. तिसरा लाल. नऊच्या नऊ हात लाल झाले. बाबांना घाम फुटला. "सगळं गावच बाधलंय!"

भिकुबाई पदर खोचून पुढे आली. "मंग माले एकलीले कसाले काढतस? चला, बठ्ठा सोबत जाऊत!"

आधी बायका हसल्या, मग सगळा वड हसला.

डॉक्टरांनी बाबांच्या कनवटीची पानाची डबी उघडली; आत चुना होता. "हळदीला चुना लागला की लाल रंग येतो. घरी करून पाहा. महाराज प्रत्येकाच्या हाताला राख लावतात ना? भिकुबाईची पाळी आली तेव्हा अंगठा या डबीतून गेला."

"मंग मन्ही पुळी?" आप्पांनी मनगट पुढे केलं. "दुखत नही ती किरपा नही?"

"न दुखणं हीच या रोगाची ओळख. म्हणूनच माणूस दवाखान्यात जात नाही, आणि विष रक्तात उतरलं तर दगावतो. ही पुळी कातड्यातून आली." डॉक्टर बाबांकडे वळले. "महाराज, त्या कातड्यांवर आठ दिवस झोपलात. मान दाखवा."

बाबांनी उपरणं आवळलं. भिकुबाईनं ते ओढलं. मानेवर रुपयाएवढी काळी पुळी.

"या रोगानं माणूस मरतो?" बाबांनी विचारलं. त्या आवाजात नर्मदामाई नव्हती, देवी नव्हती.

"उपचार न केल्यास."

डॉक्टरांच्या निरोपावरून आलेली शहाद्याच्या दवाखान्याची गाडी निघाली तेव्हा आप्पांच्या आधी बाबाच तीत चढून बसले होते.

बाबांच्या बैलगाडीतली कातडी डॉक्टरांनी जाळली. दोन दिवस लस टोचणं चाललं. आधीच आजारी असलेली एक गाय गेली, त्यानंतर एकही जनावर नाही. पेनिसिलिन घेऊन आप्पा परतले ते घरी न जाता भिकुबाईच्या दारात गेले.

"भिकुमाय, चूक व्हयनी."

"तू मालेच काढणार व्हता," ती म्हणाली. ती हसत नव्हती. "डाक्टर येता नही तर?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतो. जनावरं पटापट मरू लागली तर सोलू नका, पुरा, डॉक्टरांना कळवा. काळी पुळी दुखत नसली तरी दवाखाना गाठा. पण अपराधी बाई शोधत बसू नका. तुम्ही शोधत बसता तेवढा वेळ रोगाला मिळतो.