आंबा नसलेलं गाव

गोदाचं लग्न महिपतशी झालं असं सगळी वाडी म्हणते. गोदाला विचाराल तर तिचं लग्न डोंगरउतारावरच्या हापूसच्या कलमांशी झालं, आणि महिपत हा नुसता मधला माणूस. पावस गावाच्या अलीकडे, कातळाच्या कडेला त्यांची बाग आहे. थंडी पडली की मोहोर येतो, मोहोर आला की तुडतुडे येतात, तुडतुडे आले की फवारणी येते, आणि या सगळ्यांच्या मागे पाठीला पंप लावून महिपत येतो. नोव्हेंबर ते मे हा माणूस रत्नागिरीच्या बाजारापलीकडे गेलेला कोणाला आठवत नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नातसुद्धा अक्षता टाकून, न जेवता, दुपारच्या एसटीने परत आलेला हा गडी.

मग फिरायचं कधी? तर पावसाळ्यात, बागेत काम नसतं तेव्हा. गोदाने महाबळेश्वर पाहिलं ते असं, भर आषाढात. म्हणजे तिने धुकं पाहिलं. एका पॉइंटवर दोघं ओलीचिंब उभी होती आणि महिपत समोर बोट करून म्हणाला होता, "इथं खाली दरी हाय म्हणतात." झाली सहल! त्या सहलीतलं तिला दुसरं काही आठवत नाही, फक्त साडी तीन दिवस वाळली नव्हती एवढं आठवतं.

तिला जायचं होतं ते थंडीत, आणि थंडीच बघायला. त्याला कारण होतं. लग्न होऊन आल्यापासून या घरात थंडी हा एकच विषय. पहाटे महिपत उठतो तो देवाच्या आधी कलमाला टांगलेला तापमापक बघतो. बातम्यांत 'उत्तरेकडून थंडीची लाट' असं कोणी म्हणालं की हातातला घास हातात राहतो. कधी ती लाट येते, कधी वाटेतूनच परत जाते. आली तरी पाहुणीसारखी, दोन रात्री राहिली की निघाली. गोदाला वाटे, इतकी मनधरणी करून घेणाऱ्या या बाईचं माहेर तरी कसलं असेल! एकदा तिच्या घरी जाऊन तिला बघावी.

बायकांच्या सहलीत नाव घालतो, असं विनीत तिला दोनदा म्हणाला होता. विनीत हा तिचा मुलगा, कृषी पदविका घेतलेला, लग्नाच्या वयाचा, पण फवारणीचं औषध कालवायला बापाने अजून त्याला दिलेलं नाही. गोदाने दोन्ही वेळा नको म्हटलं. तिला महिपतसोबत जायचं होतं. या माणसाने एकदा तरी झाडाकडे पाठ करून आपल्याकडे बघावं, एवढीच तिची हौस होती, आणि गुडघे अजून ऐकत होते तोवर ती पुरी व्हायला हवी होती. यंदा नाही तर मग कधीच नाही, हे तिने दसऱ्यालाच मनात पक्कं केलं.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी बापलेक पडवीत चहा घेत होते. गोदा कपबशी घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "डिसेंबरात आपण दोघं फिरायला जातोय."

महिपतने चहा खाली ठेवला. "डिसेंबरात? मोहोराच्या तोंडावर? गोदे, बरी हायस ना?"

"बरी हाय म्हणूनच सांगते. कुठं जायचं ते तुमी ठरवा. माझी अट एकच. तिथं आंब्याचं झाड असता नये. झाड दिसलं की तुमी त्याच्याखाली जाऊन बसणार आणि मी सामान राखत ऱ्हाणार."

विनीतला खेळ आवडला. त्याने फोन काढला. "गोवा?"

"तिथं मानकुराद आंबा," महिपत म्हणाला. "आणि गोव्याला जायचं तर घरचा समुद्र काय वाईट हाय?"

"काशी?"

"लंगडा. काशीत जाऊन लंगडा नाय बघितला तर काय बघितलं!"

विनीत एकेक नाव घेत गेला आणि महिपत एकेक मोडीत काढत गेला. गुजरात म्हटलं की केसर, बंगाल म्हटलं की हिमसागर, आंध्र म्हटलं की बेंगनपल्ली. राजस्थानला तरी अडेल असं विनीतला वाटलं होतं, पण बांसवाड्याला आंबा होतो हे महिपतला पाठ. "आणि जैसलमेर?" विनीतने विचारलं. "लावलं असंल कोणीतरी कुंडीत," महिपत म्हणाला. बोलता बोलता त्याला चेव चढला होता. सारा देश त्याने आंब्याने भरून काढला आणि जिंकल्यासारखा बसला.

"मग शिमला?" विनीतने हळूच विचारलं. "त्याच्याही वर नारकंडा आहे."

"छे! तिथं कुठला आंबा? बर्फ पडतं तिथं. बर्फात आंबा जगंल व्हय?"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. गोदाने त्याच्या पुढ्यातली रिकामी कपबशी उचलली. "ठरलं तर. नारकंडा."

महिपत काही हार मानणारा नव्हता. तिथे सफरचंदाच्या बागा असतात, त्या बघायच्या तर उन्हाळ्यात जाऊ, असं तो म्हणाला. डिसेंबरात ती झाडं उघडी असतात, पान नाही की फळ नाही, म्हणूनच जायचं, असं गोदाने सांगितलं. फवारणी कोण करणार, तर विनीत. विनीतला काय कळतं, तर पदविका काय भिंतीला टांगायला घेतली? सगळे रस्ते बंद झाले तेव्हा महिपतने हुकमाचं पान काढलं. "देवाला विचारू. कौल लावू."

हे पान गोदाच्या ओळखीचं होतं. बहिणीसोबत गिरनारला जायचं ठरलं होतं तेव्हाही ते निघालं होतं, आणि कौल डावा, म्हणजे नकाराचा, पडला होता. पण देवासमोर महिपत कसं विचारतो हे तिने ऐकलं होतं. 'देवा, भरल्या मोहोरात बाग टाकून गेलं तर चालंल काय?' कोकणातला कुठला देव याला हो म्हणेल!

"देवाला विचारता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "झाडांना तर रोज विचारता, पाणी हवं काय, खत हवं काय. गोदे, तुला काय बघायचं हाय, असं मला एकदा तरी विचारलंत? एकदा?"

विनीतने फोन खिशात टाकला. महिपत अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिला.

"चला, लावू कौल," गोदा म्हणाली. "पण यंदा देवापुढं गाऱ्हाणं मी घालणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं रवळनाथाच्या देवळात गेली. आत्माराम गुरवाने देवाला आंघोळ घातली आणि ओल्या अंगावर उजवीकडे एक, डावीकडे एक अशा पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं बाई घालणार हे ऐकून तो जरा थबकला, मग म्हणाला, "घाला वहिनी. ऐकणारा ऐकंल."

गोदाने पदर सावरला. महिपतने नेहमीप्रमाणे हात जोडून डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या धन्या! तुझी लेकरं महिपत आणि गोदा डिसेंबरात नारकंड्याला बर्फ बघायला जातायत!"

"व्हय म्हाराजा!" महिपत म्हणाला.

आता यात त्याचा काय दोष? गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं हे जावळ काढल्यापासून अंगात भिनलेलं. जीभ आपली बोलून गेली.

"बाग तुझ्या हवाली, फवारणी विनीतच्या हवाली!"

"व्हय म्हाराजा!" हेही निघून गेलं, आणि मग महिपतने खाडकन डोळे उघडले. "गो, पण तू विचारतेस कुठं? तू तर सांगतेस!"

"सांगायलाच आलेय," गोदा म्हणाली. तिने हात खाली घेतले नाहीत. "आणि देवा, तिथं असेपर्यंत हा माणूस आंब्याचं नाव काढणार नाय. माझ्यासोबत बसंल, माझ्यासोबत बघंल!"

या वाक्याला 'व्हय म्हाराजा' आलं नाही. विनीत बापाकडे बघत होता. होय म्हणणं विनीतच्याच ओठावर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. हे उत्तर बापाने द्यायचं होतं. गोदा वाट बघत उभी राहिली.

महिपतने तिच्याकडे पाहिलं. तापमापकाकडे बघतो तसं नाही, मोहोराकडे बघतो तसंही नाही. केस किती पांढरे झाले हिचे, हे जणू त्याला आत्ता दिसलं.

"व्हय म्हाराजा," तो हळू म्हणाला.

गोदाने वाकून नमस्कार केला, नारळ आत्मारामच्या हाती दिला आणि ती वळली. तिच्या मागोमाग महिपत वळला. दोघं देवळाची पायरी उतरत असताना आतून आत्मारामची हाक आली. "महिपतदादा! पाकळी पडली!"

महिपतचा पाय पायरीवरच थांबला. मान अर्धी मागे गेली. गोदाने त्याचा दंड धरला नाही. चाललेली वाट तिने तशीच धरली, गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी.

"उजवी काय डावी, ऱ्हाऊ दे तिथंच," महिपत मागे न बघता ओरडला. "आल्यावर सांग!"

मग तो भरभर खाली उतरला आणि तिच्या बरोबरीला आला. घरी जाईपर्यंत तो एकच गोष्ट विचारत होता, आपल्याकडे लोकरीची टोपी आहे का.