ऊन चुकवलेले चार महिने

केसरच्या तोंडावरच्या पुटकुळ्या कधीच्याच गेल्या, पण जाताना एकेक काळा ठिपका मागे ठेवून गेल्या. पोर निमगोरी, त्यामुळं दोन्ही गालांवर डाग कसे उठून दिसत. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात केसरला नकार आले दोन. दुसऱ्या पाहुण्यांनी तर चहासुद्धा अर्धा टाकून दिला, मेल्यांनी. आता सुलतानपूरच्या सहदेवाचं चाललं होतं, आणि हा मात्र तिला हवाच होता. आपल्या मामाकडं इथं उंद्रीला आला तेव्हा तिच्या पाटीतली वांगी निवडता निवडता त्यानं डागांसकट तिच्याकडं नीट पाहिलं होतं, वर हसलाही होता. पण त्या घरात शब्द चालायचा त्याच्या आईचा, झुंबरबाईंचा. होळी झाली की त्या पोरगी पाहायला येणार होत्या.

जनकाबाई सुईणीनं उपाय सांगितला: सहाणेवर दुधात जायफळ उगाळायचं, दोन्ही वेळा लावायचं आणि ऊन म्हणून लागू द्यायचं नाही. ऊन लागलं की केलेलं सगळं मातीत. झालं, आईनं, गोजरबाईनं, लेकीला दिवाळीपासून घरात बसवलं आणि तिच्या वाटणीची मिरची स्वतः तोडायला घेतली. ऐन तोड्याच्या दिवसांत धडधाकट पोर घरात! बाप शेषराव दोन दिवस धुसफुसला, एवढंच.

केसरचे दिवस असे सरकू लागले की कालचा कोणता अन् आजचा कोणता तेच कळेना. कवाडं लोटलेली, घरभर जायफळाचा वास. कौलांच्या फटीतून आलेली उन्हाची बोटभर रेघ जमिनीवरून भिंतीवर चढे, तेवढीच काय ती हालचाल. केसर तिच्यापासूनही पाय आखडून घेई. जायफळ खाल्लं की सुस्ती येते म्हणतात. लावल्यानंही येत असावी, कारण बसल्या बसल्या ती कुठच्या कुठं जाई. सहदेवाच्या मळ्यात पाट वाहतोय, ती वाकून पाण्यात तोंड बघतेय, आणि त्या तोंडावर एकही डाग नाही. भानावर आली की फडताळातला आरसा काढी. आणि गंमत बघा, डाग खरंच विरत होते. काळ्याचे तपकिरी झाले, तपकिरीचे धूसर. होळी आली तोवर फक्त तिलाच, ठाऊक होते म्हणून, दिसत. एवढं सुख तिला जन्मात झालं नव्हतं.

झुंबरबाई आल्या त्या सहदेवाचा हात धरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. केसर समोर बसली, पण त्यांनी तोंडाकडं पाहिलंच नाही, पाहणार कशानं? त्यांनी तिचे हात मागितले आणि अंगठ्यानं तळवे चाचपत राहिल्या.

"हात तं लय मऊ हायेत पोरीचे," त्या म्हणाल्या. "आमचं मळ्याचं घर. आमाले कामाची सून पायजे."

शेषराव काहीबाही सांगू लागला, पण त्या उठायला निघाल्या. पाहण्याच्या वेळी पोरीनं विचारल्याशिवाय बोलू नये असा रिवाज. केसरनं मात्र त्यांचा हात सोडला नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, सासूला म्हणतात तसं सरळ, "डाग जावे म्हणून चार महिने मले घरात ठेवलं. मी उद्यापासून मिरचीत जातो."

"अन् डाग?"

"आले तं येऊ द्या." बोलून गेली आणि तिला रडू फुटलं. त्या चार महिन्यांची तिला फार माया होती.

झुंबरबाई पुन्हा टेकल्या. सहदेवाकडं मान वळवून म्हणाल्या, "काय बे, तू तं म्हने, गालावर डाग हायेत तेच पोरगी पायजे. हेच का ते?"

सहदेवानं वर पाहिलं. बराच वेळ तो केसरच्या गालांवर काहीतरी शोधत राहिला.

"हेच व माय," तो म्हणाला.

झुंबरबाईंनी कुंकवाचा करंडा मागितला, आणि चाचपत चाचपत केसरचं कपाळ शोधलं.