नटावरची रेघ

"आता हा कुठे तडमडला?" म्हणत बाबांनी जमिनीवर हात फिरवला, तोवर त्यांच्या बोटांतून निसटलेला वॉशर घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत पोहोचला होता. लेकीने तो उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवला. रविवारची दुपार कलली होती. सकाळी 'तासाभराचं काम' म्हणून उघडलेली तिची मोटरसायकल अजून पार्किंगमध्ये मागचं चाक काढून उघडीबोडकी उभी होती.

"बाबा, मी म्हटलं होतं ना, गॅरेजला टाकते?"

"टाक की. ते मशीनने नट आवळणार, आटे घालवणार आणि वर नवा पार्ट गळ्यात मारणार. दुसऱ्याच्या गाडीला कोण जीव लावतो?"

हे उत्तर तिला पाठ होतं. उभा जन्म कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. घरची गाडी बाहेरच्या हातात देणं म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं. आवळलेल्या प्रत्येक नटावर ते आईच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढायचे, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी सरकला की रेघ तुटते आणि उभ्या उभ्या कळतं. ही त्यांची कारखान्यातली सवय.

"माझी बाटली पुन्हा खाली नेलीत ना?" वरून गॅलरीतून आईचा आवाज आला. "एक दिवस मीच ग्रीस लावून हिंडेन बोटांना!"

बाबा हसले नाहीत. चाक बसवून झालं, मागच्या ब्रेकचा नट आवळून झाला, आणि त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून ब्रश टेकवला. रेघ वेडीवाकडी, गांडुळासारखी उमटली. त्यांनी झटकन वर पाहिलं. लेक हेल्मेटचा पट्टा तपासत होती. वर्षभर ती त्या क्षणी पट्टाच तपासत आली होती.

संताप यायचा तिला. आठवड्यातली एक सुट्टी, ती या गाडीशेजारी पाने-पक्कड पुरवण्यात जायची. पहाटे घरोघरी जाऊन लोकांची रक्तं गोळा करायची नोकरी. गाडी अडली की उपाशीपोटी बसलेली माणसं फोन करकरून जीव नकोसा करायची. 'बाबा, तुमच्याने आता होत नाही' एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते शब्द ओठांपर्यंत यायचे आणि गिळले जायचे.

बुधवारी उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. तिने ब्रेक दाबला. पॅडल सरळ खाली गेलं, लागलं काहीच नाही. पुढचा ब्रेक करकचून आवळला तेव्हा गाडी आडवी फिरली आणि ट्रकच्या फळीपासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. पाठीवरची नमुन्यांची पेटी मानेवर आदळली.

गाडी कडेला घेऊन ती खाली वाकली. ब्रेकचा नट फिरत फिरत दांडीच्या टोकाशी आला होता. सकाळी निघताना तिने त्यावरची रेघ पाहिली होती. पण ती मुळातच अशी नागमोडी, की तुटलीय का धड आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

"मेले असते आज तुमच्या हट्टापायी!" ती मागच्या चाकावर ओरडली, आणि मग तिथेच बसून रडली.

गाडी ढकलत तिने जवळचं गॅरेज गाठलं. गॅरेजवाल्याने ब्रेक नवे घातले, नट बदलला, बाकीचे सगळे नट पेट्रोलने पुसून पान्याने, हातानेच, आवळले.

"हे आधी कोणी केलं होतं?"

"मी. मोबाइलवर बघून."

"मग आता नका बघू," तो म्हणाला.

शेजारच्या दुकानातून तिने त्याच रंगाची नेलपॉलिशची बाटली आणली. चकचकीत नव्या नटावर ब्रश टेकवला. रेघ ओढली. म्हाताऱ्या दंडातली शीर पहिल्या टोचणीत गाठणारा हात तो. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आली. तिने ती पाहिली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि मनगट सैल सोडून पुन्हा काढली. तिसऱ्या खेपेला हवी तशी जमली. मग बाकीच्या नटांवर तशाच.

"झाली का रांगोळी?" गॅरेजवाल्याने विचारलं. रेघा वाळल्यावर नव्या नटाची चकाकी लपवायला तिने त्यावर ग्रीस आणि धूळ चोळली.

रविवारी बाबा स्टूल, हत्यारांचा डबा आणि टॉर्च घेऊन खाली आले. "बघू, गेल्या वेळचं कसं बसलंय," म्हणत त्यांनी ब्रेकचा नट फडक्याने पुसला. ग्रीस निघालं आणि नट लखलखला. फडकं थांबलं. त्यांनी चाकाचा नट पाहिला, साखळीकडचे पाहिले, पुन्हा ब्रेकपाशी आले.

"गॅरेज?"

"हो."

"काय झालं होतं?"

"ब्रेक लागला नाही. उतारावर."

बाबांचा चेहरा उतरला. "तुला कुठे लागलं का?"

"नाही."

ते ओरडतील म्हणून तिने उत्तरं तयार ठेवली होती, चांगली तिखट. ते ओरडले नाहीत. चष्मा लावून खाली वाकले आणि लाल रेघेच्या प्रत्येक वळणावरून नख फिरवत गेले.

"एवढा हलतो माझा हात?"

तिचा हात हेल्मेटच्या पट्ट्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"मीच जरा जास्त हलवला," ती म्हणाली.

बाबांनी हत्यारांचा डबा ओढला. त्यातले पाने उगाच वरखाली केले. मग फडकं पेट्रोलमध्ये बुडवून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"पूस ती. सरळ काढ. वाकड्या रेघेत नट सरकलेला कळत नाही."

ती उकिडवी बसली. रेघ पुसून तिने ब्रश घेतला. बाबांनी टॉर्च धरला, दोन्ही हातांनी, तरी उजेड नटावर ठरेना. तो ठरायची वाट न बघता तिने रेघ ओढली आणि वर फुंकर मारली.

"आता पुढचं चाक," बाबा म्हणाले, आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.